काळोखाचा रतीब

माझ्या घरांत गांजाची लागवड चालली आहे, असा संशय आल्यावरून २०२४ च्या ऑगस्टांत एका संध्याकाळीं एक पोलीस शिपाई आमच्या दारांत येऊन उभा राहिला. आयुष्याचीं ६७ वर्षें मीं कोणाच्या डोळ्यांवर न येतां काढलीं आहेत. शाळेंत मी कधीं पहिला आलों नाहीं, शेवटचाही आलों नाहीं. बँकेंत ३५ वर्षें नोकरी केली, पण माझ्याविषयीं चौकशी करावी असें कोणाही अधिकाऱ्याला वाटलें नाहीं. अशा मनुष्याला उतारवयांत एकदम एवढें महत्त्व यावें, याची मला त्या वेळीं भीति तर वाटलीच, पण खरें सांगावयाचें तर थोडीशी मौजही वाटली. शिपाई पांच मिनिटांत हंसत हंसत परत गेला. मात्र आज मागें वळून पाहतां वाटतें कीं, त्या खोलींत त्या दिवसांत एक अपराध खरोखरच घडत होता. तो कोणत्याही कायद्याच्या कलमांत बसणारा नव्हता, म्हणून त्याचा पंचनामा झाला नाहीं, इतकेंच.

पेणकरपाड्याला आम्ही १९९४ सालीं राहावयास आलों. दहिसरचा चेक नाका ओलांडला कीं मुंबई संपते आणि घरांच्या किंमती जरा माणसांत येतात, हें गुपित तोंवर सर्व नोकरदारांना ठाऊक झालें होतें. मिरा गांवाच्या बाजूचा हा पाडा. तेव्हां आसपास भातखाचरें शिल्लक होतीं, खाडीच्या अंगाला मिठागरें होतीं, आणि पूर्वेला, महामार्गाच्या पलीकडे, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसत. आमचें तीन खोल्यांचें बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. आईची खाट आम्ही पूर्वेच्या खिडकीशीं टाकली होती. सकाळीं सातच्या सुमारास डोंगराच्या माथ्यावरून ऊन येई तें थेट तिच्या पायांवर. रात्रीं वीज वारंवार जाई आणि मग असा दाट काळोख पडे कीं, जिन्यांतून वर येणारा शेजारी त्याच्या खोकल्यावरून ओळखावा लागे. त्या काळोखाला मीं पुष्कळ शिव्या दिल्या आहेत.

२०२२ सालीं समोरच्या भूखंडावर एक उंच इमारत चढूं लागली आणि आमचें ऊन मजल्यामजल्यानें उशिरा येऊं लागलें. प्रथम सातचें ऊन साडेसातला आलें, मग आठला, मग नऊला. आणि पुढें एका दिवसापासून येईनासेंच झालें. दाद मागावी तर कोणाकडे? उन्हाचा सातबारा कोणाच्याच नांवावर नसतो. आम्ही दिवसा दिवे लावून राहावयास शिकलों. सौभाग्यवतीनें तुळशीची कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली. आईला मात्र गच्चीवर नेतां येण्यासारखें नव्हतें.

आई ९१ वर्षांची आहे. गेल्या चार वर्षांत तिच्या स्मरणाची वीण हळूहळू उसवत चालली आहे. ऊन गेल्यापासून तर तिचे दिवस आणि रात्री एकमेकींत मिसळून गेल्या. दुपारीं तीनला ती म्हणे, “दिवेलागण झाली, शुभंकरोति म्हणा.” रात्रीं दोनला उठून बसे आणि हांक मारी, “अगं, उजाडलं. चहा टाका.” डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या व त्यासोबत एक गोष्ट सांगितली. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यांतलें घड्याळ उजेडावर चालतें. तेव्हां दिवसा खोलींत चांगला लख्ख उजेड असूं द्या आणि रात्रीं खोली काळोखी ठेवा. या वाक्यांतला पहिला अर्धा भाग माझ्या ध्यानांत राहिला.

कालचें जेवण आईला आठवत नाहीं. परंतु पुरंदर तालुक्यांतल्या तिच्या माहेरीं विहिरीच्या पाटाकडेला शेवंतीचे दोन वाफे होते, त्यांची लांबी ती अजून हात पसरून दाखवते. मार्गशीर्षांतल्या गुरुवारीं टोपलीभर फुलें निघत, त्यांतलीं निम्मीं सासवडच्या बाजाराला जात आणि निम्मीं गांवांत वांटलीं जात. हें सांगून झाल्यावर ती मला विचारी, “आपल्या शेवंतीला कळ्या आल्या का रे?” दिवसांतून चार-पांच वेळां हा प्रश्न येई. आपल्याकडे शेवंती नाहीं असें सांगितलें कीं तिचा चेहरा असा कांहीं उतरे कीं, शेवटीं मीं शेवंती लावावयाचें ठरविलें. जन्मांत मीं एकही झाड लावलेलें नव्हतें.

माझ्या मामेभावानें एप्रिलच्या अखेरीस आठ काश्या ओल्या गोणपाटांत गुंडाळून एस्.टी.नें पाठवून दिल्या. ज्यांनीं शेवंती केवळ हारांतच पाहिली आहे त्यांच्यासाठीं सांगतों: फुलें येऊन गेल्यावर जुन्या झाडाच्या बुडाशीं जे नवे कोंब फुटतात त्यांना काश्या म्हणतात, आणि शेवंतीची लागवड बहुधा त्यांच्यापासूनच करतात. आठांपैकीं पांच जगल्या. आतां ऊन कोठून आणावयाचें? माझा एक भाचा आहे, त्याला सर्व गोष्टी ठाऊक असतात. तो म्हणाला, “मामा, ऊन दिव्यांतून मिळतं.” म्हणून मी मरीन लाइन्सला उतरून लोहार चाळींत गेलों आणि झाडांसाठीं म्हणून विकतात तो एल्.ई.डी. दिवा घेऊन आलों. हिरव्या पानाला तांबडा आणि निळा प्रकाश विशेष मानवतो; हिरव्याचा बराच भाग तें परत धाडतें, आणि म्हणूनच तें आपल्याला हिरवें दिसतें. या दिव्यांत तेवढे दोनच रंग ठासून भरलेले होते. तो लावल्याबरोबर जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा रंग सगळ्या खोलीवर चढला. आई म्हणाली, “आज काय आहे? नाटक आहे का?”

त्या दिव्यानें मला पहिल्या महिन्यांतच एक गोष्ट शिकविली, ती अशी कीं, आपला डोळा हा मोठा खुशामत्या नोकर आहे. घरांत कितीही टंचाई असली तरी तो धन्याला कळूं देत नाहीं. भर दुपारच्या उघड्या उन्हाची तीव्रता सुमारें १ लाख लक्स भरते, आणि आपण ज्या बैठकीच्या खोलीला चांगली उजेडाची म्हणतों तिच्यांत संध्याकाळचे दिवे लावल्यावर ती २००-३०० भरली तरी पुष्कळ. डोळ्याला हा फरक जाणवतच नाहीं. झाड मात्र कशानेंही फसत नाहीं. माझ्या काश्या दिव्याकडे माना काढून लांबट आणि फिकट झाल्या. मीं दिवा खालीं आणला, तर शेंडे करपले. लहान दिव्यापासूनचें अंतर दुप्पट केलें तर उजेड निम्मा न राहतां चौथाई होतो, हें शाळेंत पाठ केलेलें सूत्र मला साठ वर्षांच्या वयानंतर दोरीनें दिवा खालींवर करतांना पहिल्यांदा समजलें. पुढें शेंडे खुडले, माव्यावर साबणाचें पाणी मारलें, आणि जूनच्या अखेरीस झाडें चांगलीं भरदार, हिरवीगार झालीं. चार झाडें म्हणावयास हवीं, कारण पांचवें पहिल्यापासून पिवळट आणि रडकें होतें. तें मीं इमारतीच्या रखवालदाराला देऊन टाकलें.

दिवा किती तास लावावयाचा, हें कोणाला विचारावें? येथें मला एक चमत्कारिक शोध लागला. घरांत दिव्याखालीं झाडें वाढविण्याची विद्या आज जगांत सर्वांत अधिक कोणापाशीं असेल तर ती गांजावाल्यांपाशीं आहे. मोबाइलवर कांहींही विचारा, उत्तर फिरून गांजावर येतें. विचार केल्यावर त्यांत नवल कांहींच वाटेना. वांगीं आणि मिरच्या लावणारा मनुष्य फुकटचा सूर्य सोडून विकतच्या दिव्यामागें कशाला लागेल? ज्याला आपलें पीक जगापासून लपवावयाचें आहे तोच बंद खोलींत शेती करणार. आणि लपूनछपून केलेल्या त्या शेतीचें ज्ञान आतां उजळ माथ्यानें फिरूं लागलें आहे. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून घरटी ४ झाडें लावण्याची मुभा आहे. जर्मनींत २०२४ पासून प्रौढ माणसाला ३. तिकडच्या एका सद्गृहस्थानें केलेला तक्ता भाच्यानें मला मराठींत समजावून दिला. त्यांत पहिल्याच ओळींत लिहिलें होतें: उजेड १८ तास. मी खूष झालों. सकाळीं सहापासून रात्रीं बारापर्यंत दिवा! आईच्या खोलींत भरपूर उजेड हवा, असें डॉक्टरांनीं सांगितलेंच होतें. एका दिव्यांत झाडांची आणि आईची अशी दोघांची सोय होत होती. बँकेंतल्या मनुष्याला याहून गोड हिशेब दुसरा कोणता वाटणार? १ मेपासून हा क्रम सुरू झाला.

मध्यरात्रीपर्यंत जांभळी दिसणारी खिडकी समोरच्या इमारतींतल्या लोकांच्या नजरेंत न भरती तरच नवल. मुंबईच्या आसपास सदनिकांत दिव्यांखालीं गांजा पिकविल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि आपल्या शेजारीं असें कांहीं तरी असावें असें प्रत्येकाला मनांतून वाटत असतें. शिपायाबरोबर आमच्या सोसायटीचे चिटणीस आले होते. ते माझ्याकडे न पाहतां माझ्या चपलांकडे पाहत होते. शिपाई वयानें तिशीचा, बोलावयास मोठा अदबशीर. “काका, आंतली खोली जरा बघायची होती,” तो म्हणाला. मीं त्याला आंत नेलें. आईनें त्याच्या गणवेषाकडे पाहून सुनेला सांगितलें, “पाव्हणे आलेत, पाणी द्या. गूळ पण द्या.”

त्यानें एक पान खुडलें. गांजाचें पान म्हणजे एका देठावर पसरलेली बोटें, पांच, सात किंवा नऊ, आणि प्रत्येकाला करवतीसारखे दांते. शेवंतीचें पान अखंड, कडेला कांतरल्यासारखें. तें त्यानें चुरगाळून नाकाशीं नेलें आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. ज्यानें तो कडसर, दवण्याच्या जातीचा वास लहानपणीं घेतला आहे त्याला दुसरा पुरावा लागत नाहीं. “ही तर शेवंती! आमच्या आजीच्या दारांत असायची.” तो नगरकडचा निघाला. (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, पण तोही नगरच म्हणाला.) जातांना त्यानें हंगाम संपल्यावर दोन काश्या द्या म्हणून सांगितलें, आणि गूळ खाऊन गेला. चिटणीसांनीं खालले नाहींत. ते म्हणाले, मधुमेह आहे.

त्या रात्रीं मला झोंप येईना, म्हणून मीं १९८५ चा अंमली पदार्थांविषयींचा कायदा काढून वाचला. झाड लावणें हाच गुन्हा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. परंतु त्यांतली गांजाची व्याख्या वाचून मी थोडा थबकलों. कायद्याच्या लेखीं गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलावर किंवा फळावर आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसतें पान किंवा बी गांजांत मोडत नाहीं. म्हणजे सगळा मामला फुलाचा. इंग्रज सरकारनें १८९३ सालीं या विषयावर एक मोठें कमिशन नेमलें होतें. त्यानें हिंदुस्थानभर फिरून हजारावर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीची आवश्यकता नाहीं असा निर्णय दिला. त्या अहवालांत बंगालमधल्या नौगांवच्या गांजाच्या शेतांचें वर्णन आहे. नराचीं झाडें ओळखून उपटून टाकण्यासाठीं तेथें एक जाणता मनुष्य बोलावीत असत. त्याला पोद्दार म्हणत. पोद्दाराला मान होता, मजुरी होती. परंतु पीक फुलावर आणण्यासाठीं मात्र तेथें कोणालाच बोलवावें लागत नसे. थंडीच्या दिवसांत रात्री लांबत गेल्या कीं तें आपोआप फुलावर येई. हें वाक्य मीं वाचलें आणि पान उलटून टाकलें.

सप्टेंबर गेला. झाडें कमरेइतकीं वाढलीं, पानें अशीं तजेलदार कीं येणारा-जाणारा हात लावून पाही. पण कळीचा पत्ता नाहीं. खत बदललें, पाणी कमी केलें, कुंड्या फिरवून ठेवल्या. “कळ्या आल्या का रे?” “येतील, आई.” तिच्या रात्री तर अधिकच वाईट झाल्या होत्या. बाराला दिवा बंद झाला कीं तिचा डोळा लागे तो दोनला उघडे. मग पहाटेपर्यंत हांका, रडणें, मधूनच वडिलांना शोधणें. सौभाग्यवती आणि मी आळीपाळीनें जागत होतों. एका रात्रीं मी तिच्यावर ओरडलों. ती घाबरून माझ्याकडे पाहत राहिली आणि मला “अहो” म्हणाली, परक्या माणसाला म्हणतात तसें.

कोजागरीच्या सकाळीं, १६ ऑक्टोबरला, मी दूध आणावयास खालीं उतरलों. पंपघराच्या मागें रखवालदाराची खोली आहे. तिच्या भिंतीच्या कडेला दुपारचें दोन तास ऊन येतें आणि रात्रीं तेथें चिटपांखरू फिरकत नाहीं. तेथें रंगाच्या जुन्या डब्यांत माझें तें पांचवें, रडकें झाड होतें. तें अजूनही वीतभरच होतें. पानें धुळीनें माखलेलीं. आणि त्याच्या प्रत्येक शेंड्यावर मटाराच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या. मीं मोजल्या, अकरा भरल्या. रखवालदाराला विचारलें, याला तूं काय घातलेंस? तो बिचारा दचकला. “कुछ नहीं किया साब, पानी डाला,” म्हणाला. कांहीं तरी चुकलें असें त्याला वाटलें असावें.

पुढचे तीन दिवस मी वाचत होतों. जें वाचलें तें असें. फ्रान्समध्यें झुल्यँ तुर्न्वा नांवाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १९१२ च्या सुमारास त्यानें दोन झाडांवर प्रयोग केले: एक हॉप, जें बिअरला लागतें, आणि दुसरें हेंप, म्हणजे आपल्या गांजाच्याच जातीचें. दिवस आंखूड ठेवला कीं हीं झाडें वेळेआधींच फुलावर येतात हें त्यानें पाहिलें. आणि कारण दिवसाच्या आंखूडपणांत नसून रात्रीच्या लांबींत असावें, असा तर्कही केला. पहिल्या महायुद्धांत तो मारला गेला. पुढें अमेरिकेंत गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनीं, भर उन्हाळ्यांत फुलावयास तयार नसलेल्या तंबाखूच्या कुंड्या रोज दुपारीं एका अंधाऱ्या झोंपडींत नेऊन ठेवल्या, आणि ती तंबाखू फुलली. त्यांचा निबंध १९२० चा. १९३८ सालीं हॅम्नर आणि बॉनर यांनीं, कपड्यांना चिकटणारीं काटेरी फळें येतात त्या एका रानटी झुडपावर, तुर्न्वाचा तर्क खरा करून दाखविला. लांब रात्र दिली कीं तें फुले. त्या रात्रीच्या मध्यावर एखाद्या मिनिटाचा उजेड पाडला कीं सगळी रात्र फुकट जाई. आणि रशियांत चैलाख्यान नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याच सुमारास सिद्ध केलें कीं, रात्र मोजतें तें पान; शेंडा नव्हे. पान मोजतें आणि शेंड्याला कांहीं तरी निरोप धाडतें, मग कळी धरते. त्याचे प्रयोग कोणत्या झाडावर होते? शेवंतीवर! तो निरोप नेणारा पदार्थ कोणता, हें नक्की होण्यास मात्र २००७ साल उजाडावें लागलें.

शेवंती ही अशी रात्र मोजणारी आहे. म्हणूनच हरितगृहांतले शेतकरी तिला बाजारभाव येईपर्यंत थोपवून धरावयाचें असलें म्हणजे रात्रीं तिच्यावर दिवे लावतात, आणि कळी हवी झाली कीं काळें कापड ओढतात. गांजाही तसाच. मीं भाच्याचा तो तक्ता पुन्हा काढून पाहिला. १८ तास ही झाडाच्या बाळपणाची ओळ होती. खालीं, मीं कधींच न वाचलेल्या अर्ध्या भागांत, फूल हवें असेल तर रात्र केवढी लांब द्यावी, तें स्पष्ट लिहिलेलें होतें. मग मला डॉक्टरांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आठवला.

माझी एक वही आहे. नोकरीची खोड, जें घडेल तें टिपून ठेवावयाचें. डाव्या पानावर झाडांची उंची आणि पानांची संख्या. उजव्या पानावर आई रात्रीं किती वाजतां उठली, किती वेळ जागली, कोणती गोळी दिली. डॉक्टरांना दाखवावयासाठीं ठेवलेली ही नोंद मीं मोठ्या निगुतीनें केलेली होती. दोन्ही पानें समोरासमोर, एकाच तारखांचीं. १ मेपासून कोजागरीपर्यंत १६९ रात्री. त्या सगळ्या रात्रीं ९१ वर्षांच्या एका बाईच्या डोक्यावर, चार हातांवर, मीं बारा वाजेपर्यंत दिवा जाळला होता, आणि सकाळीं तिला झोंप कां लागत नाहीं म्हणून डॉक्टरांना विचारलें होतें. हिशेब तपासण्यांत माझी हयात गेली आहे.

तेव्हां काळोख करावयाचें ठरलें. लोहार चाळींत हजार तऱ्हेचे दिवे मिळतात, पण हा जिन्नस कोठें मिळत नाहीं. टायमर लावून दिवा संध्याकाळीं सहाला बंद होईल अशी व्यवस्था केली, आणि खोलींत उभा राहून पाहतों तों वर्तमानपत्राचे मथळे वाचतां येत होते. महामार्गाचे दिवे, मेट्रोच्या खांबांवरचे दिवे, समोरच्या बांधकामावरचा झोत, आणि रात्रभर रंग बदलणारा एक जाहिरातीचा फलक. ज्या पाड्यांत एके काळीं शेजारी खोकल्यावरून ओळखावा लागे तेथें आतां काळोख उरलाच नव्हता. प्रथम मीं कुंड्या कपाटांत ठेवून पाहिल्या. सौभाग्यवतीनें रजयांचें कपाट रिकामें करून दिलें, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला हें मुळींच पसंत नव्हतें. संध्याकाळीं सहाला चार कुंड्या उचलून आंत, सकाळीं सातला बाहेर. आठवड्यांत एका झाडाचीं पानें दमटपणानें कुजलीं, माझी कंबर धरली, आणि कपाटाला जो वास बसला तो अद्याप आहे. मग शिंप्याकडून छत्रीच्या काळ्या कापडाचा दुहेरी पडदा शिवून आणला आणि खिडकीला खालपासून वरपर्यंत लावला. दाराशीं, खाटेआड, जमिनीलगत एक मिणमिणता दिवा तेवढा ठेवला, आई अंधारांत उठून पडूं नये म्हणून.

हा पडदा मीं झाडांसाठीं शिवून आणला होता. आईसाठीं आणला असें आज सांगतां आलें असतें तर बरें झालें असतें. डॉक्टरांनीं चार वर्षांपूर्वीं सांगितलेलें मीं केलें नाहीं, आणि एका रंगाच्या डब्यांतल्या झाडाला अकरा कळ्या आल्या म्हणून लगेच शिंप्याकडे धांवत गेलों.

पहिल्या दोन रात्रीं आई घाबरली. सौभाग्यवती तिचा हात धरून बसून राहिली. तिसऱ्या रात्रीं ती साडेतीनपर्यंत झोंपली. वहींत पुढें पाहतों तर नोव्हेंबरांत साडेतीन, चार, पुन्हा दोन, चार, पांच असे आंकडे आहेत. त्याच सुमारास हवा गार झाली होती आणि डॉक्टरांनीं एक गोळीही बदलली होती. तेव्हां श्रेय कोणाला द्यावें हें वहीवरून ठरत नाहीं. दिवसा दुसरा, साधा पांढरा दिवा आम्ही तिच्या खाटेपाशीं लावूं लागलों. संध्याकाळीं मी पडदा ओढावयास गेलों कीं ती म्हणे, “पोरं निजवलीस का?” झाडांना उद्देशून कीं कोणाला, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

पांच आठवड्यांनीं कळ्या दिसल्या. पहिलें फूल डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यांत उमललें, पिवळें, रुपयाहून थोडें मोठें; आणि मार्गशीर्षांतल्या शेवटच्या गुरुवारीं, २६ तारखेला, सात फुलें मिळालीं. सहा सौभाग्यवतीनें महालक्ष्मीच्या कलशाला वाहिलीं. सातवें मीं आईच्या हातांत दिलें. तिनें तें उलटें करून देठाकडून पाहिलें, वास घेतला, पुन्हा सुलटें केलें.

“ही आमच्या वाफ्यांतली नाही,” ती म्हणाली. “आमची मोठी होती.”

तें फूल तिनें पदराच्या टोकाला बांधून ठेवलें. रात्रीं तें सुटून अंथरुणांत चुरगळलें आणि सकाळपर्यंत खोलीला तोच कडसर वास येत होता.

फेब्रुवारींत मीं बुंध्याशीं फुटलेल्या काश्या सोडविल्या. चार रखवालदाराला दिल्या. त्यानें त्यांच्यासाठीं आणखी तीन डबे पैदा करून ठेवले होते. दोन ओल्या फडक्यांत गुंडाळून शिपायासाठीं बाजूला ठेवल्या, आणि एका रविवारीं तो साध्या कपड्यांत येऊन त्या घेऊन गेला. त्याच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे म्हणाला. दिव्याविषयीं त्यानें विचारलें नाहीं आणि मींही कांहीं सांगितलें नाहीं.